धवल्यात नसलेली नावं

तिवरखार गावात लग्न असलं की भटजी उशिरा आला तरी चालतं, बँडवाले उशिरा आले तरी चालतं, पण भामाबाई आल्याशिवाय मांडवात पान हलत नाही. ती गावची धवलारीण. लग्नाच्या एकेका विधीला जो धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गायचा तो तिने गायचा, आणि तो चालू असताना हळद कुणी लावायची, कलश कुठे ठेवायचा, कुणी पुढे यायचं हेही तिनेच सांगायचं. बंगलेवाला असो की रिक्षावाला, मांडवात तिचा शब्द शेवटचा. एक नियम मात्र तिलाही पाळावा लागतो. धवला सुरू झाला की अर्धा सोडायचा नाही, आणि त्याला बसलेल्या माणसाने मधेच उठायचं नाही. एखादं नाव विचारायला धवलारीण थांबली तर तेवढं चालतं.

पण भामाबाईवर नाव विचारायची पाळी सहसा येत नसे. नवऱ्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव धवल्यात घ्यावं लागतं, आणि गावातल्या प्रत्येक घराण्याच्या चार-चार पिढ्या तिला पाठ. सासूने तिला त्या भात लावता लावता शिकवल्या होत्या. बासष्टीला आली तरी एक बाप इकडचा तिकडे होत नसे. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

दोन हजार बाराच्या सुरुवातीला गावाने खाडीच्या बांधावर एक दगड उभा करायचं ठरवलं. पंचवीस वर्षांपूर्वी गावची खाडीकाठची, खाजणातली शेती मोजायला सरकारी माणसं आली होती आणि गावाने ती मोजणी अडवली होती. त्या अडवणुकीमुळे पुढे बोलणी झाली, भाव वाढला, भूखंड मिळाले, आणि आज गावात दिसतात त्या तीन-तीन मजली घरांच्या पायात ती मोजणी न झालेली जमीन आहे. तर त्या लढ्याची आठवण म्हणून काळा दगड, आणि त्यावर लढणाऱ्यांची नावं. स्मारक समितीचा अध्यक्ष दिनानाथ. पूर्वी मिठागरावर मुकादम होता, आता बिल्डर. सरपंचपद बाईसाठी राखीव होणार असं कळल्यापासून त्याला बायकांच्या कर्तृत्वाचा भलताच पुळका आला होता, म्हणून नावं जाहीर करायचा समारंभ मुद्दाम आठ मार्चला, महिला दिनाला ठेवला; दगड पाडव्याला लागायचा होता.

यादी पंचायतीच्या फळ्यावर लागली. सतरा नावं, सतरा पुरुष. पहिलं दिनानाथचं.

भामाबाईची सून कीर्ती बारावी झालेली, पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिने यादी वाचून दाखवली तशी भामाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मोजणी अडवली त्या दिवशी गावात बापये, म्हणजे पुरुष, नव्हतेच. पुढाऱ्यांना आदल्या दिवशीच गाडीत घालून नेलं होतं, उरलेले शेजारच्या गावांत पांगले होते. आणि दिनानाथ कुठे होता तेही सगळ्यांना माहीत होतं. तो उरणला सासुरवाडीला जाऊन बसला होता, पोट दुखतं म्हणून. त्याची बायको मात्र इथे बांधावर होती.

बांधावर बसल्या होत्या त्या अकरा बाया. मोजणीच्या साखळ्या घेऊन माणसं आली, मागून पोलीस आले, आणि बायांचा धीर सुटायला लागला. दोघी-तिघी उठल्याही. तेव्हा भामाला दुसरं काही सुचलं नाही, तिने धवला धरला. मांडव नाही, नवरा नाही, भर दुपारी चिखलात धवला. पण धवला म्हणजे धवला. उठलेल्या बाया जागच्या जागी खाली बसल्या, कारण आता उठायची सोयच राहिली नाही. पोलिसांच्या साहेबाला वाटलं देवाचं काहीतरी चाललंय, त्याने टोपी काढून हातात धरली. भामाला जितके धवले येत होते तितके तिने एकामागून एक लावले. तिसऱ्या तासाला भरतीचं पाणी बांधाला लागलं आणि मोजणीवाले चपला हातात घेऊन परतले. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, फक्त फळ्याला माहीत नव्हती.

ती तडक दिनानाथच्या ऑफिसात गेली. "भावजी, बायांची नावां कुठं हायेत?"

"वयनी, जेलात गेले त्यांची नावां घेतली," दिनानाथ म्हणाला. "बायांचा सन्मान आमी कार्यक्रमात करताव ना. स्वागतगीत तुमालाच ठेवलाय."

"तुमी तरी कवा गेलाव जेलात?"

दिनानाथने फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

समारंभ दहाला होता, प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले आमदार साडेअकराला आले. भामाबाईने स्वागतगीत म्हटलं आणि माईकवरच दिनानाथला सांगितलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. "शेवटी, वयनी, शेवटी," असं म्हणून त्याने हसत हसत माईक काढून घेतला. मग तिला स्टेजच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची दिली, तिचा एक पाय वाकलेला.

त्या खुर्चीवर तोल सांभाळत तिने सहा भाषणं ऐकली. सहाही पुरुषांची, सहाही बायकांच्या नेतृत्वावर. एकाने जिजाऊंपासून सुरुवात केली. दुसऱ्याने अहिल्याबाईंवर अर्धा तास घेतला. तिसरा झाशीच्या राणीचा घोडा किल्ल्यावरून उडवता उडवता इतका रंगला की पाणी प्यायला थांबला. चौथा म्हणाला, स्त्री ही मुळातच वक्त्री असते, आणि बायकांनी घराघरात ते सिद्ध केलंच आहे. त्यावर स्टेजवरचे सगळे हसले. समोर उन्हात बसलेल्या दोनशे बायका पदर डोक्यावर ओढून ऐकत होत्या. त्यांना जाताना स्टीलचा डबा मिळणार होता. भामाबाई एकेक भाषण संपलं की अर्धी उठायची आणि पुढचं नाव पुकारलं की परत बसायची. तिच्या मनात सगळं जुळून तयार होतं. पहिल्या भाषणाला ते गरम होतं, चौथ्यापर्यंत गार झालं, आणि सहाव्याला तिला वाटलं, आता बोलायला उभी राहिले तर रडायलाच येईल. तिला त्या रडण्याचाच राग आला.

दीड वाजता निवेदकाने आभारप्रदर्शन पुकारलं. भामाबाई उठली आणि आभार मानायला आलेल्या पोराच्या हातून माईक घेतला.

"धवला म्हनायला मला माईक लागत नाय," ती म्हणाली, "पन आज लागतोय. सकालपास्ना तुमी ज्या बायांच्या गोष्टी सांगल्याव त्या लय मोठ्या व्हत्या. पन त्या लांबच्या. या गावच्या बायांची गोष्ट कोनी सांगली नाय. त्या बांदावर अकरा बाया बसल्या व्हत्या. मोजनी त्यांनी थांबवली. गावान एक बापय नव्हता. तुमच्या घरांचे मजले त्या अकरा बायांवर उभे हायेत, आनि दगराच्या यादीन त्यांचा एक अक्षर नाय. मला स्टीलचा डबा नको. अकरा नावां पायजेत."

इतकंच. दोन मिनिटंही झाली नसतील. समोरच्या बायकांत आधी मागून कुठून तरी एक टाळी, मग सगळीकडून. पाहुण्यांना गर्दीचा वारा चटकन कळतो. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "दिनानाथशेठ, घालून टाका नावं. माझ्यासमोर जाहीर करा."

 पण दिनानाथ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुढे येऊन म्हणाला, "घालतो की. का नाय घालनार? वयनी, हितंच सांगा नावां, पाह्यन्यांच्या समोर. कोन लिवून घेतंय?" निवेदकाने पेन काढलं.

भामाबाईने श्वास घेतला. नावं सांगणं हा तर तिचा धंदाच.

"भामा, मी," ती म्हणाली. "मंग गुणाबाई. मंग जासईवाली. तिच्या बाजूला नेऱ्याची. मंग काशीरामची आय. बलीरामची थोरली वयनी. मंग..."

निवेदकाचं पेन थांबलं. "मावशी, नाव सांगा. जासईवाली म्हणजे नाव काय?"

भामाबाईने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. जासईवाली. चाळीस वर्षं शेजारी भात लावला, हिच्या बाळंतपणात तिने आणि तिच्या बाळंतपणात हिने चूल सांभाळली. तिचं नाव काय? जासईहून आली म्हणून जासईवाली. नेऱ्याहून आली ती नेऱ्याची. उरणहून आली ती उरणवाली. मुलगा झाला की अमक्याची आय. भामाबाईला जासईवालीच्या नवऱ्याचं नाव ठाऊक होतं, सासऱ्याचं ठाऊक होतं, पणजसासऱ्याचं ठाऊक होतं. तिने तिच्या तीन मुलांच्या लग्नात ती सगळी नावं खणखणीत आवाजात घेतली होती. तिचं मात्र एकदाही घेतलं नव्हतं, कारण सासूने शिकवलेल्या धवल्यात बाईच्या नावाला जागाच नव्हती.

समोर कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू पसरलं. टाळ्या वाजवणाऱ्या बायकाही हसल्या, त्यांना काय बोलावं ते कळेना म्हणून.

"असा करू," दिनानाथ अगदी मायेने म्हणाला. "आठ दिवस घ्या, वयनी. रेशनकार्डावर असतील तशी अकराची अकरा नावां आना. दगर थांबवतो मी. पन अकरा म्हंजे अकरा. अर्दवट यादी दगरावर कशी घालाची?" पाहुण्यांनी मान डोलावली आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

घरी येऊन भामाबाई दोन दिवस घराबाहेर पडली नाही. दिनानाथवरचा राग तिला सोसला असता, तो जुनाच होता. हा राग स्वतःवरचा होता आणि त्याला ठेवायला जागा सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने कीर्तीला म्हटलं, "वही घे. चल माज्यासंग."

अकराजणींपैकी चौघी वारलेल्या. गेलेल्यांच्या घरी कसरत झाली. काशीराम स्वतः साठीचा, त्याला आईचं नाव विचारलं. "आय," तो म्हणाला. मग ओशाळून आत गेला आणि मृत्यूच्या दाखल्यावरून नाव वाचून आला. नेऱ्याच्या म्हातारीच्या घरी दोन मुलं दोन नावं सांगून आपसातच भांडायला लागली. भामाबाई नेऱ्याला जाऊन तिच्या भावाला विचारून आली. जिवंत असलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. गुणाबाई एकटी धिटाईने म्हणाली, "लिव, मोठ्या अक्षरान लिव." जासईवाली म्हणाली, "माजा नाव कशाला, पोराचा घाल. त्याला बरा वाटल."

"पोरगा बसलता का बांदावर?" भामाबाई ओरडली. "तो तवा तुझ्या वटीन मुतत व्हता."

शेवटी जासईवालीने नाव सांगितलं. हेमी. सांगताना ती लाजली, जणू काही मागून घेतलेली वस्तू परत करते आहे. कीर्तीने वहीत लिहिलं.

सातव्या दिवशी वहीत दहा नावं होती. राहिली होती उरणवाली. दिनानाथची बायको. भामाबाईने तिचं घर मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

दिनानाथ हॉलमध्ये सोफ्यावर पेपर वाचत होता. उरणवाली आतून पाणी घेऊन आली. गोरीपान, अबोल बाई, अंगावर सोनं भरपूर. भामाबाईने तिला सरळ विचारलं, "बाय, तुजा नाव सांग."

उरणवालीने नवऱ्याकडे पाहिलं. "ते सांगतीन," ती म्हणाली.

दिनानाथने पान उलटलं. "ही कवा व्हती बांदावर? मना तर आठवत नाय," तो म्हणाला. "तू व्हतीस का ग?"

 बाई ग्लास उचलून आत गेली. भामाबाई दारात थांबून राहिली, कीर्तीने दंड धरून ओढेपर्यंत. बायको बांधावर होती असं दगडावर आलं की नवरा कुठे होता असं पोरंसोरं विचारणार, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

आठव्या दिवशी भामाबाई दहा नावं घेऊन समितीत गेली. दिनानाथने यादी नीट वाचली, दोनदा मोजली. "अकरा म्हनाल्याव ना तुमी पाह्यन्यांसमोर? ही धाच हायेत." आणि मग अगदी दुःखाने, "माजा नाइलाज हाय, वयनी. दगर पनवेलला कोराला गेला पन."

पाडव्याला दगड लागला. सतरा नावं, आणि खाली बारीक अक्षरात, 'व समस्त महिला वर्ग'. कीर्तीने ते वाचून दाखवलं. "समस्त म्हंजे किती?" भामाबाईने विचारलं. "म्हंजे सगळ्या," कीर्ती म्हणाली. "म्हंजे कोनीच नाय," भामाबाई म्हणाली आणि बांधावरून घरी निघून आली. त्यानंतर खाडीकडे जायचं झालं की ती मागच्या वाटेने जायची.

मे महिन्यात दिनानाथच्या मुलाचं, धनेशचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला दिनानाथ स्वतः आला, नारळ आणि साडी घेऊन. कीर्तीला वाटलं सासू नारळ अंगणात भिरकावते आता. पण धवलारणीला बोलावणं नाकारता येत नाही, तेही नियमातच आहे. भामाबाईने नारळ घेतला.

मांडवाच्या दिवशी सकाळी नऊला ती पोचली. मंडप असा घातलेला की गावात पुन्हा कुणी घालू नये. एका कोपऱ्यात डीजेवाल्यांनी माणसाच्या उंचीचे स्पीकरचे डबे रचून ठेवले होते आणि ते हातावर हात देऊन बसले होते. दिनानाथने भामाबाईच्या कानात सांगितलं, "वयनी, जरा आटोपता घ्या. धा मिन्टान. मंग यांना लावाचा हाय." तिने मान हलवली.

पाटावर धनेश, शेजारी त्याची आई हळदीचं ताट घेऊन, भोवती सगळं गाव. जासईवाली होती, गुणाबाई होती. भामाबाईने धवला धरला आणि मांडव गप्प झाला. आवाज अजून तसाच होता, तिखट आणि सरळ. तिने देव बोलावले, कुलदैवत बोलावलं, खाडी बोलावली. मग घराणं घेतलं. दिनानाथच्या पणज्यापासून खाली, एक बाप इकडचा तिकडे नाही, शेवटी दिनानाथचं नाव. तिथून पुढच्या ओळीवर जायचं होतं.

भामाबाई थांबली. "नवऱ्याच्या आयचा नाव?" तिने विचारलं.

मांडवात कुणाला आधी कळलंच नाही. असं कधी विचारलं गेलं नव्हतं.  "ते सांगतीन," उरणवाली सवयीने म्हणाली.

"सुनंदा," दिनानाथ घाईने म्हणाला. "सुनंदा. घ्या पुरं."

"मी हिला इचारला," भामाबाई म्हणाली, आणि मांडी घालून नीट बसली.

धवला अर्धा होता. उठायची सोय नव्हती. दिनानाथ उठायला गेला तर त्याच्याच चुलत्याने धोतराला धरून त्याला खाली बसवला. डीजेवाल्याने खूण करून विचारलं, लावू का, तर चार म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वायर सोडून दिली. ऊन वर चढलं. धनेशच्या कपाळावरची हळद वाळून पापुद्रे धरायला लागली. आतून स्वयंपाकी विचारायला आला, भात टाकू का, त्याला बायकांनी हातानेच परत पाठवलं. भामाबाई वाट बघत बसली होती. या घरात ती एकदा वाट बघून परत गेली होती, आज तिला परत जायचं नव्हतं.

खूप वेळाने उरणवालीने ताट खाली ठेवलं.

"शांती," ती म्हणाली. "सुनंदा यांनी ठेवला, लग्नाच्या पाटावर. बांदावर मी व्हते. बापाच्या घरना निरोप धारला व्हता यांनी, मनापन बोलवाला. मी नाय गेले."

ती नवऱ्याकडे बघत नव्हती. दिनानाथ स्वतःच्या बोटातल्या अंगठ्यांकडे बघत होता. 

"मागं आयकू नाय गेला," भामाबाई म्हणाली.

"शांती," उरणवाली मोठ्याने म्हणाली.

भामाबाईने ते नाव धवल्यात घेतलं. चालीत ते बसेना, ओळ तोकडी पडली, मग तिने ती ओढून ताणून लांबवली आणि बसवलं. आणि ओळ लांबलीच आहे तर तिथेच न थांबता हेमी घेतली, गुणाबाई घेतली, काशीरामच्या आईचं मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव घेतलं, वहीतली दहाच्या दहा घेतली. काशीराम रडत होता. जासईवाली पदरात तोंड घालून बसली होती, हसत होती की रडत होती ते कळलं नाही.

दगडावरचं अक्षर काही बदललं नाही. दिनानाथने ते बदलू दिलं नाही आणि भामाबाई पुन्हा मागायला गेली नाही. पण तिवरखारात आता कुठलंही लग्न असो, पणज्याबरोबर पणजीचंही नाव द्यावं लागतं, नाहीतर धवला पुढे सरकत नाही, आणि शेवटी त्या अकरा जणी येतातच. सगळं मिळून पाऊण तास तरी जातो. डीजेवाले चिडतात, पाहुणे घड्याळं बघतात, नवऱ्यामुलाचे मित्र बाहेर तंबाखू मळत शिव्या घालतात. पण मांडवात बसलेल्या कुणालाही मधेच उठता येत नाही.